बुरुंडी : हुतू, तुत्सी आणि बहात्तर साल

वाटसरू_७
रवांडाच्या धाग्यावर मी बुरुंडीबद्दल एक ओळ लिहिली होती. त्यावर तिघाचौघांनी "सविस्तर लिहा" म्हणून पिच्छा पुरवला, म्हणून हा वेगळा धागा. मी इतिहासाचा माणूस नाही, वीजवाला आहे. २०१३-१४ मध्ये कामानिमित्त चौदा महिने बुरुंडीतल्या बुजुम्बुरा शहरात काढले आणि परत आल्यावर हाताला लागेल ते वाचत गेलो. चुकलं तर बिनधास्त दुरुस्त करा.

बुरुंडी म्हणजे रवांडाला लागून, दक्षिणेला असलेला पूर्व आफ्रिकेतला देश. केवढा? २७,८३४ चौरस किलोमीटर. पुणे आणि सातारा जिल्हे एकत्र केले तर त्याहून थोडा मोठा. पश्चिमेला टांगानिका तलाव, बाकी नुसत्या टेकड्या. आपल्यासारखी गावं नाहीत. टेकडीच्या उतारावर केळीच्या बागेत एकेक घर विखुरलेलं. माणसाला "कुठला?" विचारलं की तो टेकडीचं नाव सांगतो.

आता मूळ मुद्दा. हुतू सुमारे ८५ टक्के, तुत्सी १४, त्वा एक टक्का, हे आकडे सगळीकडे छापलेले असतात. ते वाचून वाटतं की तीन गट तीन कोपऱ्यांत राहत असतील. तसं काहीच नाही. भाषा एक, किरुंडी. देव एक, बहुसंख्य कॅथलिक. टेकडीही तीच. हुतू म्हणजे शेतकरी आणि तुत्सी म्हणजे गुराखी अशी ढोबळ विभागणी सांगतात, पण गाय सगळ्यांनाच प्यारी. जुन्या पद्धतीचा नमस्कारसुद्धा गाईचाच. एकाने म्हणायचं "अमाशो", म्हणजे तुझी खिल्लारं वाढोत. दुसऱ्याने म्हणायचं "अमाशोंगोरे", म्हणजे तुझ्याकडे गाईच गाई होवोत. गाय देऊन माणूस बांधून घ्यायची 'उबुगाबिरे' नावाची रीतही होती. ज्याला गाय मिळाली त्याने देणाऱ्याच्या शेतावर राबायचं, अडीनडीला त्याच्या बाजूने उभं राहायचं.

आणि या सगळ्यांच्या वर 'गान्वा'. हे राजघराण्यातले सरदार. ते स्वतःला हुतूही म्हणवत नसत आणि तुत्सीही. राजा म्हणजे म्वामी. गान्वांमध्ये बेझी आणि बातारे अशा दोन शाखा, आणि त्यांच्यात पिढ्यानपिढ्यांची भाऊबंदकी. ही भाऊबंदकी लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

जर्मन आले, १९०३ मध्ये राजा म्वेझी गिसाबोकडून करार करून घेतला. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये बेल्जियन आले आणि रवांडा-उरुंडी अशी जोडगोळी करून कारभार हाकू लागले. त्यांनी काय केलं, तर सरदारक्या कमी केल्या आणि त्या करताना हुतू मुखिये जवळजवळ साफ काढून टाकले. सरदारपुत्रांसाठी रवांडातल्या आस्त्रिदाला शाळा काढली. म्हणजे जी उतरंड आधी वर-खाली होऊ शकत होती, ती सिमेंटमध्ये बसवली.

तरीही १९६१ मध्ये बुरुंडीकडे एक माणूस होता. राजपुत्र लुई र्वागासोरे, राजा म्वाम्बुत्सा चौथा याचा मुलगा, वय २९. बायको हुतू. पक्ष 'उप्रोना', आणि त्यात हुतू-तुत्सी दोन्हीकडची माणसं. सप्टेंबर १९६१ च्या निवडणुकीत ६४ पैकी ५८ जागा जिंकल्या. पंतप्रधान झाला आणि जेमतेम दोन आठवड्यांत, १३ ऑक्टोबरला, तलावाकाठच्या हॉटेलात जेवताना त्याला गोळी घातली. मारेकरी ग्रीक, पण त्याला उभं करणारे बातारे शाखेतले सरदारपुत्र. बेल्जियन अधिकाऱ्यांचा हात कितपत होता यावर आजही वाद आहे. ग्रीकाला स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी, ३० जून १९६२ ला, मृत्युदंड दिला. बाकीच्यांना पुढच्या जानेवारीत गितेगा शहरात सगळ्यांदेखत फाशी दिलं.

म्हणजे या देशातला सगळ्यात महागात पडलेला खून हुतू-तुत्सी वादातून झालेलाच नाही. तो चुलत्यांच्या भांडणातला. पण र्वागासोरे गेल्यावर पक्ष फुटला, आणि तो फुटला तो नेमका हुतू-तुत्सी याच भेगेवर.

का? कारण शेजारी. १९५९ मध्ये रवांडात हुतूंचा उठाव झाला, तुत्सी राजवट गेली, हजारो तुत्सी निर्वासित बुरुंडीत आले. बुरुंडीतल्या तुत्सी अधिकाऱ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि मनाशी पक्कं केलं, की मतपेटी हुतूंच्या हातात गेली तर आपलंही हेच होणार. माझं मत विचाराल तर इथून पुढचा सगळा इतिहास या एका भीतीचा आहे. दोन्ही देश एकमेकांचे आरसे झाले. इकडे काही झालं की तिकडचे म्हणणार, "बघा, सांगत नव्हतो?"

१९६५ मध्ये हुतू पंतप्रधान न्गेंदांदुम्वे यांचा खून झाला, तो रवांडातल्या एका तुत्सी निर्वासिताच्या हातून. मेच्या निवडणुकीत हुतूंनी ३३ पैकी २३ जागा जिंकल्या. राजाने पंतप्रधान नेमला तो गान्वा! ऑक्टोबरमध्ये हुतू पोलीस आणि लष्करी अधिकाऱ्यांनी उठावाचा प्रयत्न केला, तो फसला, आणि निवडून आलेले हुतू नेते गोळ्या घालून संपवले. १९६६ मध्ये राजघराण्यात मुलाने बापाला पदच्युत केलं आणि चार-पाच महिन्यांत कॅप्टन मिकोंबेरोने मुलाला. राजेशाही संपली. मिकोंबेरो, बगाझा, बुयोया हे तिन्ही लष्करशहा बुरुरी प्रांतातले, एकाच परिसरातले. म्हणजे 'तुत्सींचं राज्य' हाही शब्द सैल आहे. उत्तरेकडच्या तुत्सींनाही त्यात फारसं स्थान नव्हतं.

आणि मग १९७२. यावर जरा थांबून लिहायचं आहे, पण उद्या. डोळे मिटतायत.

चाफेकळी
वाचतेय. फार सोपं करून लिहिलंय. एक शंका. हुतू-तुत्सीला मराठीत म्हणायचं काय? वर्तमानपत्रं 'जमात' लिहितात, तुमच्या लेखात हा शब्द तुम्ही टाळलेला दिसतोय. 'जात' म्हणायचं का?

खोडरबर
लेख चांगला, पण तेच जुनं पालुपद : गोरे आले आणि बिघडलं. बेल्जियन १९६२ ला गेले. त्यानंतरचं पाप कुणाच्या माथी? उतरंड आधीपासून होती हे तुम्हीच लिहिताय.

कडूजिरे
"मुलाने बापाला पदच्युत केलं आणि चार-पाच महिन्यांत कॅप्टनने मुलाला." हे वाचून आमच्या तालुक्यातला साखर कारखाना आठवला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

देवराई
छोटी दुरुस्ती म्हणून नाही, पण नकाशा उघडून बसणाऱ्यांसाठी : २०१९ पासून राजकीय राजधानी गितेगा आहे. बुजुम्बुरा व्यापाराचं शहर राहिलं. गितेगा ही जुन्या राजांची जागा. जवळच गिशोराला राजाचे ढोल आजही आहेत, आणि डोक्यावर ढोल घेऊन वाजवत येणारी मंडळी २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

वाटसरू_७
@चाफेकळी, मुद्दाम टाळला. 'जमात' म्हटलं की वेगळी भाषा, वेगळा मुलूख डोळ्यांपुढे येतो. 'जात' जवळची वाटते, पण आपल्यासारखी बेटीबंदी तिथे नव्हती. लग्नं सर्रास होत. मूल बापाचं, म्हणजे बाप हुतू तर मूल हुतू, आई कुणीही असो. गुरं वाढली, मान वाढला की हुतू माणूस हळूहळू तुत्सी गणला जाई, त्याला एक शब्दही होता, 'क्विहुतुरा', हुतूपण उतरवणं. त्यामुळे मी नुसतं हुतू आणि तुत्सी लिहितो.

@खोडरबर, मान्य. बेल्जियनांनी दारूगोळा भरून ठेवला, काडी यांनीच लावली. पुढचं वाचा आणि मग ठरवा.

२९ एप्रिल १९७२. देशाच्या दक्षिणेला, तलावाकाठी रुमोंगे आणि न्यांझा-लाक भागात हुतू बंडखोरांनी हल्ला चढवला आणि तुत्सी दिसेल तिथे कापला. हे झालं, आणि ते भयंकर होतं. त्याच रात्री गितेगात माजी राजा न्तारे पाचवा, म्हणजे बापाला पदच्युत करणारा तोच मुलगा, मारला गेला. तो महिनाभरापूर्वीच इदी अमीनने हमी घेऊन युगांडातून परत पाठवलेला. अमीनची हमी!

त्यानंतर सरकारने जे केलं ते बंड मोडण्यासाठी नव्हतंच. बंड काही आठवड्यांत थंड झालं होतं. मारलं ते शिकलेल्या हुतूंना. शिक्षक, परिचारक, कारकून, पाद्री, लष्करातले हुतू शिपाई, विद्यापीठातले आणि माध्यमिक शाळेतले विद्यार्थी. याद्या तयार होत्या. वर्गात येऊन नावं वाचायची, पोरं ट्रकमध्ये भरायची. कित्येकांना फक्त बोलावणं धाडलं, की अमुक दिवशी कचेरीत या, आणि ते आपल्या पायांनी गेले. कारण ते शिकलेले होते, सरकारी कागद आला की जायचं असतं हे त्यांना माहीत होतं.

मृतांचा आकडा १ लाख ते ३ लाख या दरम्यान सांगितला जातो. दीड लाखाच्या आसपास लोक टांझानियात व इतरत्र पळाले. किरुंडीत या सालाला 'इकिझा' म्हणतात. शब्दशः अर्थ रोगराई, अरिष्ट. पुढची कित्येक वर्षं हुतू आईबाप मुलांना शाळेत घालायला घाबरत. वही हातात असणं म्हणजे यादीत नाव लागणं.

२०२० मध्ये करुझी प्रांतात, रुवुबू नदीजवळ, सत्य आणि सलोखा आयोगाने सहा सामुदायिक कबरी उकरल्या. सहा हजारांवर माणसांचे अवशेष निघाले. काहींची ओळख पटली ती कपड्यांवरून, चष्म्यांवरून आणि जपमाळांवरून.

आजोबा_५१
वाटसरू, तुम्ही 'चष्मे' लिहिलंत आणि मी वाचायचा थांबलो. एवढ्या मातीतून चष्मा निघतो.

दुसरं असं, की आमच्या पिढीला बहात्तर म्हटलं की एकच गोष्ट : दुष्काळ. सुकडी, खडी फोडायला गेलेली माणसं, रोजगार हमीची कामं. आजही आमच्या घरात वय सांगताना "बहात्तरच्या दुष्काळात हा रांगत होता" असं सांगतात. त्याच साली ऑगस्टमध्ये अमीनने युगांडातले आशियाई हाकलले, ते इथल्या पेपरात ठळक यायचं, कारण माणसं आपली होती. बुरुंडीचं नावही वाचल्याचं आठवत नाही. आणि मी पेपर मागच्या पानापासून वाचणारा माणूस.

चाफेकळी
आजोबा +१. मला तर हा देश फुटबॉलच्या अॅपमुळे माहीत होता.

खोडरबर
ठीक. माझं म्हणणं अर्धं मागे घेतो. पण मग ९३ चं काय? तेव्हा मेले ते तुत्सी. एकाच बाजूची गोष्ट नको.

वाटसरू_७
एका बाजूची नाहीच. ९३ वर येतो.

बुयोयाने १९८७ मध्ये सत्ता घेतली. ८८ च्या ऑगस्टमध्ये उत्तरेला न्तेगा आणि मारांगाराला पुन्हा तेच झालं : आधी तुत्सींवर हल्ले, मग लष्कराने हुतूंची कत्तल. पण जग बदललं होतं, बाहेरून दबाव आला, आणि १९९३ च्या जूनमध्ये खरीखुरी निवडणूक झाली. मेल्शियोर न्दादाये जिंकला, ६५ टक्क्यांच्या आसपास मतं. पहिला निवडून आलेला आणि पहिला हुतू राष्ट्राध्यक्ष. ७२ मध्ये शाळकरी पोर असताना जीव वाचवून रवांडात पळालेला माणूस. त्याने पंतप्रधान नेमला तो तुत्सी, आणि तीही एक बाई, सिल्वी किनिगी. बुयोयाने हार मानून सत्ता सोडली. सगळं इतकं सुरळीत, की लोकांचा विश्वास बसेना.

२१ ऑक्टोबरच्या पहाटे लष्कराने न्दादायेला उचलून छावणीत नेऊन मारलं. शंभर दिवस जेमतेम झाले होते.

त्याच दिवसापासून टेकड्याटेकड्यांवर हुतूंनी शेजारचे तुत्सी मारायला सुरुवात केली. झाडं पाडून रस्ते अडवले, म्हणजे लष्कर यायला नको. गितेगाच्या रस्त्यावर किबिंबा म्हणून जागा आहे. तिथल्या शाळेतल्या तुत्सी मुलांना पेट्रोलपंपाच्या इमारतीत कोंडून जाळलं. मुख्याध्यापक हुतू, तो त्यात सामील. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने १९९६ मध्ये त्या दिवसांतल्या तुत्सींच्या हत्यांना वंशसंहाराची कृत्यं म्हटलं. मग लष्कर आलं आणि त्याने हुतू मारले. २००५ पर्यंत हे चाललं, तीन लाखांच्या आसपास माणसं गेली.

आणि आरसा बघा : न्दादाये मेल्यावर लाखो हुतू रवांडात पळाले, आणि तिथले जहाल म्हणू लागले, तुत्सींशी सत्ता वाटून घेतली की असं होतं. सहाच महिन्यांत एप्रिल ९४, रवांडातला तुत्सींचा वंशसंहार. त्याच्या सुरुवातीला रवांडाच्या राजधानीत, किगालीत पाडलेल्या विमानात रवांडाच्या हब्यारिमानाबरोबर बुरुंडीचा न्तार्यामिराही होता. दोन राष्ट्राध्यक्ष एका विमानात गेले, पण जगाने एकाच देशाचं नाव लक्षात ठेवलं.

किबिंबाला रस्त्याकडेला स्मारक आहे. फ्रेंचमध्ये लिहिलंय, 'पुन्हा कधीच नाही'. आम्ही गितेगाला जाताना आमचा ड्रायव्हर तिथे गाडी हळू करायचा आणि टोपी काढून मांडीवर ठेवायचा. कधी काही बोलला नाही. तिसऱ्या का चौथ्या खेपेला सांगितलं : बायकोचा धाकटा भाऊ या शाळेत होता.

कडूजिरे
आता विनोद सुचत नाहीये.

देवराई
किबिंबाच्या जोडीला बुता लिहायलाच हवं. ३० एप्रिल १९९७, दक्षिणेतलं कॅथलिक सेमिनरी. हुतू बंडखोर पहाटे वसतिगृहात शिरले आणि मुलांना म्हणाले, हुतू एका बाजूला, तुत्सी एका बाजूला. मुलं वेगळी झाली नाहीत. चाळीस मुलं मारली गेली, दोन्हीकडची. तिथे आता चर्च आणि ओळीने चाळीस कबरी आहेत.

चहाटळ
फार उशिरा आलो धाग्यावर. मग थांबलं कसं हे सगळं? आणि बुजुम्बुरात आपली माणसं आहेत का?

वाटसरू_७
आपली म्हणजे गुजराती. 'कार्तिए आझियातिक' नावाची एक वस्तीच आहे, दोन-तीन पिढ्यांचे व्यापारी. त्यांची स्वाहिली फर्स्टक्लास. शिवाय भारताच्या कर्जावर काबुरांत्वा नदीवर २० मेगावॅटचा वीजप्रकल्प, त्यामुळे आमच्यासारखे उडते पक्षी. मराठी मी धरून तिघे होतो, पैकी एकाला पोहे मिळत नाहीत याचंच दुःख.

थांबलं ते टांझानियातल्या आरुशात. आधी टांझानियाचे माजी राष्ट्राध्यक्ष न्येरेरेंनी मध्यस्थी केली, ते गेल्यावर मंडेलांनी. २८ ऑगस्ट २००० ला करार झाला. त्यातून २००५ ची घटना. संसदेत ६० टक्के हुतू, ४० टक्के तुत्सी. सिनेटमध्ये निम्मे-निम्मे. त्वांना दोन्हीकडे तीन-तीन जागा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, लष्करात कुठल्याही एका गटाचे ५० टक्क्यांहून जास्त नाहीत.

कडूजिरे
म्हणजे आरक्षणच की!

वाटसरू_७
येणार होतंच हे कुणाकडून तरी. :) तो वाद इथे नको, त्यासाठी चार धागे उघडे आहेत. फरक एवढाच लक्षात घ्या, की इथे प्रश्न नोकरीचा नव्हता, बंदुकीचा होता. चौदा टक्क्यांना निम्मं सैन्य का? तर रात्री दार वाजलं की बाहेरच्या गणवेशात आपलंही कुणी असेल, म्हणून. आणि हुतूंना ते का पटलं? कारण तोवर सैन्यात त्यांचं जवळजवळ कुणीच नव्हतं, निम्मं हीसुद्धा कमाई होती.

रवांडाने नेमकं उलट केलं. तिथे ओळखपत्रावरून हुतू-तुत्सी काढून टाकलं, आता सगळे रवांडावासी, त्यावर चारचौघांत बोलायचं नाही. बुरुंडीने मोजून, टक्केवारी लिहून घटनेत घातलं. माझा अनुभव सांगतो : बुजुम्बुरात लोक यावर बिअर पिता पिता बोलत. "हा हुतू आहे, म्हणून एवढा आळशी", "हो, आणि हा तुत्सी, म्हणून बिल देत नाही", असं तोंडावर. किगालीला दोन वेळा गेलो, तिथे मी तो शब्द उच्चारला तर समोरच्याने मला कॉफीबद्दल विचारलं.

खोडरबर
मग २०१५ मध्ये पुन्हा का पेटलं? कोटा तर होताच.

वाटसरू_७
कारण ते वेगळ्या वातीने पेटलं. राष्ट्राध्यक्ष न्कुरुन्झिझाला तिसऱ्यांदा उभं राहायचं होतं. रस्त्यावर उतरले ते हुतूही होते आणि तुत्सीही. मे महिन्यात उठाव झाला तो करणारा जनरलही हुतूच, राष्ट्राध्यक्षांच्याच गोटातला. चार लाखांच्या आसपास लोक देश सोडून गेले. म्हणजे कोट्याने एक काम केलं, भांडण हुतू विरुद्ध तुत्सी असं सरळ होऊ दिलं नाही. पण हुकूमशाही कोट्याने अडत नाही. सगळे तुत्सी प्रतिनिधी सत्ताधारी पक्षाचेच असले तर चाळीस टक्के भरतात की!

मी तिथे होतो तेव्हाच चाहूल लागली होती. शनिवारी सकाळी अर्धं शहर घोळक्याने पळायला निघायचं, टाळ्या वाजवत, गाणी म्हणत. युद्धाच्या दिवसांपासूनची सवय, असं सांगायचे. मार्च २०१४ मध्ये सरकारने घोळक्याने पळायला बंदी घातली. विरोधक पळता पळता कट शिजवतात म्हणे.

देवराई
कोट्याचा पुढचा अध्याय : २०१८ मध्ये परदेशी मदतसंस्थांनाही सांगितलं, कर्मचारी ६०-४० दाखवा. म्हणजे नर्सला, शिपायाला विचारून कागदावर लिहायचं. काही संस्थांनी त्यापेक्षा देश सोडला. ७२ च्या याद्यांची आठवण ज्यांना आहे त्यांच्यासाठी तो कागद साधा नव्हता.
आणि डिसेंबर २०२१ मध्ये सत्य आणि सलोखा आयोगाने ७२ ला हुतूंचा वंशसंहार म्हणून जाहीर केलं. त्यात चूक काही नाही, पण ९३ बद्दल तेवढ्याच जोरात कुणी बोललं नाही, ही तुत्सींची तक्रार.

चाफेकळी
वाटसरू, तुमचा तो ड्रायव्हर. मेव्हणा किबिंबात गेला म्हणजे तो तुत्सी ना?

वाटसरू_७
बायको तुत्सी. तो नाही. तिथे कोण कुठला हे विचारायचं नसतं, कुठल्या सालाबद्दल बोलतो ते ऐकायचं असतं. हुतू घरातला माणूस ७२ बद्दल बोलतो, तुत्सी घरातला ९३ बद्दल. याने मला आधी ९३ सांगितलं, म्हणून मीही तुमच्यासारखंच समजलो होतो. निघायच्या आदल्या आठवड्यात बुगारामाचा घाट उतरत होतो. तिथे सायकलवाले चढताना ट्रकला मागून धरून लोंबकळत जातात आणि उतरताना केळीचे घड लादून आपल्या गाडीपेक्षा जोरात जातात. एकाला वाट देता देता म्हणाला, माझा बाप अशीच सायकल चालवायचा, प्राथमिक शाळेत मास्तर होता. मे महिन्यात बोलावणं आलं, सायकलवरूनच कचेरीत गेला. सायकल दोन दिवसांनी शेजाऱ्याने आणून दिली. "मी सहा वर्षांचा होतो," म्हणाला.

आजोबा_५१
म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा.
एक विचारतो. त्यांना मुलं असतील. बाप बहात्तरचा, आई त्र्याण्णवची. मुलांना घरात काय सांगितलंय?

वाटसरू_७
हे मीही विचारलं होतं, आजोबा. मोठ्या मुलीला शाळेत कुणीतरी विचारलं, तू कोण? तिने घरी येऊन बापाला विचारलं. तो म्हणाला, आईला विचार. आई म्हणाली, बाबांना विचार.
ती तेव्हा अकरा वर्षांची होती.